तळ्यातली की ओढ्यातली

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मला एक माणूस ओळखायला बोलावलं होतं. मी पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत किडे ओळखते. माणसं ओळखण्यात मी पहिल्यापासून कच्ची, हे आमच्या घरातलं कुणीही सांगेल.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, जिथे चादरी वाळत घालतात, तिथून आत ती खोली आहे. पांढऱ्या टाइल्स, दाराजवळची एक फुटलेली. नळ गळतो. त्याला कुणीतरी चिंधी बांधली आहे, आता चिंधी गळते. तिथल्या कामगाराच्या पायात दोन वेगळ्या जोडांतल्या रबरी चपला होत्या, एक निळी, एक हिरवी. पाणी जायच्या जाळीत कापसाचा बोळा अडकला होता. चौकशीचे साहेब म्हणाले, "सावकाश बघा, घाई नाही." चादर सरकवल्याचा आवाज आला. मी म्हणाले, "हा तो नव्हे." त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं आणि बाहेर आले.

वहिनी बाकावर बसली होती. तिने आधीच आत जाऊन "तोच आहे" असं सांगून टाकलं होतं.

"बघितलंस?"

"बघितलं."

"नीट बघितलंस?"

"किती वेळा विचारशील? नाहीये तो."

ती मग पदराने तोंड पुसून उठली. नवरा गेला हे मान्य करायची कुणाला एवढी घाई असते, देव जाणे.

दादा सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी सकाळी दगडाच्या जुन्या खाणीवर गेला. खाण पाण्याने भरलेली आहे, तिचं आता तळंच झालंय. काठावर त्याची बॅग सापडली. तो सापडला नाही. पाणबुडे आले, गेले. मग गेल्या आठवड्यात खालच्या कपारीत अडकलेला एक माणूस वर आला. तीन आठवडे पाण्यात राहिलेला माणूस. तो दादाच कशावरून? खाणीत काय दादाच एकटा जात होता?

साहेब म्हणाले, "घरच्यांचं एकमत नाही, तर रक्त जुळवून बघावं लागेल. सख्ख्या बहिणीचं नाहीतर आईचं. महिनाभर बघू. मग मात्र बेवारस म्हणून आम्हाला पुढचं उरकावं लागतं."

मी म्हणाले, कळवते.

४ ऑक्टोबर

डायरी लिहायची मला सवय नाही. पण कालपासून डोक्यात जे चाललंय ते प्रयोगशाळेच्या वहीत लिहिता येत नाही आणि आईला सांगता येत नाही, म्हणून इथे.

आम्हा दोघांची लहानपणापासून वाटणी ठरलेली. चतुर आणि टाचण्या दोघांनाही वेड लावणाऱ्या. चतुर म्हणजे पंख पसरून बसणारा धिप्पाड गडी, टाचणी म्हणजे पंख मिटून बसणारी त्याची काडीपहिलवान चुलत बहीण. दोघांचंही बालपण पाण्याखाली जातं. तिथे ती ओळखू येत नाहीत, मातकट, कुरूप, सहा पायांची पिल्लं असतात. दादाला उडणारे हवेत ओळखता यायचे, बसायच्या ढबीवरून. मला पाण्यातली पिल्लं ओळखता येतात. "उडतं ते माझं, बुडतं ते तुझं," असं तो म्हणायचा. 

तर मुद्दा. बॅगेत एक बरणी होती, झाकणाला भोकं पाडलेली. त्यात टाचणीची चार-पाच पिल्लं, अगदी लहान. माझ्यासाठी घेतलेली, दुसऱ्या कुणासाठी घेणार? ती मी घरी आणून टबात सोडली. पिल्लं एकमेकांना खातात, त्यामुळे आता एकच उरली आहे. काल रुग्णालयातून आल्यावर मी तिला काचेच्या पेल्यात घेऊन खालून भिंगाने बघितली. ती ओढ्यातली आहे. पांढऱ्या पायांची टाचणी. वाहतं पाणी सोडून ही जात कुठेच राहत नाही.

म्हणजे दादाने बरणी भरली ती ओढ्यावर. खाणीच्या साचलेल्या पाण्यात नव्हे. म्हणजे तो शेवटचा होता तो ओढ्यावर, आणि ओढा खाणीपासून कुठल्या कुठे. बॅग काय, कुणीही उचलून कुठेही ठेवेल.

आईला सांगितलं. आई शिवणयंत्रावर बसली होती. तिने पायाने चाक थांबवलं आणि म्हणाली, "खात्री आहे?" मी म्हणाले, हे माझं काम आहे आई. ती म्हणाली, "मग तू म्हणशील तसं."

६ ऑक्टोबर

मोठ्या बाईंना सांगितलं. बाई आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, आणि मला हे काम शिकवलं त्यांनीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो नको तोच.

"शेपटीची पानं बघितलीस?"

टाचणीच्या पिल्लाच्या शेपटीला तीन पानं असतात, त्यांनी ते श्वास घेतं. ओळख पटते ती बरीचशी त्या पानांवरून. पण ती नाजूक असतात, हाताळली की गळून पडतात. बरणीच्या हिंदकळण्यात हिचीही गळली आहेत.

"पानं नाहीत. ओठावरून ओळखली."

"जिवंत पिल्लाचा ओठ? घडी उलगडून?"

"पेल्याच्या खालून."

बाईंनी चष्मा काढला. "पानं नसतील तर आपण नाव लिहीत नाही, हे तूच सगळ्यांना सांगतेस. मागच्या वर्षी त्या बिचाऱ्या शिकाऊ मुलीला तू एवढ्यावरून रडवलं होतंस."

मी म्हणाले, माझी नजर आणि तिची नजर यात फरक आहे. बाई जाताना माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाल्या, "रजा घे थोडी." मला रजा नको आहे. घरी बसले की त्याचे बूट ऐकू येतात. ओले बूट जिन्यावर जसे पचक पचक वाजतात तसे. तळमजल्यापासून वर येतात आणि आमच्या मजल्याच्या अलीकडे थांबतात.

९ ऑक्टोबर

वहिनी आली होती. ती औषधांच्या दुकानात काम करते, दुपारी सुटली की रोज आईजवळ येऊन बसते.  वहिनी बटणं लावते, आई काजं करते. मी आले की दोघी माझ्याकडे बघतात, आणि त्या बघण्याचा मला राग येतो.

आज वहिनी म्हणाली, "रक्त देऊन टाक ना गं. तुझं खरं असेल तर तेही कळेल."

मी म्हणाले, "पिल्लू मोठं होऊ दे. पंख फुटले की आपोआप कळेल."

"तो तिथे थंडीत पडलाय."

"जो कुणी पडलाय तो पडलाय."

तिने सुई गादीत खुपसली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. पाठ हलत होती. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तिच्या रडण्याला मान हलवली तर आपण त्याला आपल्या हाताने पुरल्यासारखं होईल, असं वाटलं आणि मी आत निघून गेले. लग्नाला अकरा वर्षं झाली, तिला अजून चतुर आणि टाचणीतला फरक कळत नाही. तिच्या शब्दावर मी भाऊ सोडून देऊ?

११ ऑक्टोबर

हे लिहू की नको असं झालंय.

टबात मी बोरूच्या काड्या उभ्या केल्या होत्या, पिल्लाला वर चढून यायला. त्या कुजायला लागल्या होत्या. आज कामावरून आले तर काड्या नव्या. खरबरीत सालीच्या, तिरक्या टेकवलेल्या, दादा टेकवायचा तशा. सरळ काडीवर पिल्लू निसटतं हे त्याला आणि मलाच माहीत आहे. पाणीही वाढलेलं होतं, आणि ते नळाचं ताजं पाणी नव्हतं, कारण पिल्लू मजेत होतं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवल्याशिवाय टबात घालायचं नसतं.

आईला विचारलं, "कुणी आलं होतं?"

"कोण येणार?" आई म्हणाली.

मला माहीत आहे हे वेडगळ आहे. तरी मी त्याच्या खुर्चीवरचे कपडे उचलून खुर्ची मोकळी करून ठेवली.

१४ ऑक्टोबर

आज पिल्लाने कात टाकली. मोठी झाली, शेपटीला पानांचे कोंभ आले आहेत, पण अजून खुरटे, त्यावरून काही सांगता येत नाही. कातीवरून सांगता आलं असतं. काल टाकलेल्या सदऱ्यासारखी सगळ्या अंगाची हुबेहूब नक्कल असते ती, ओठासकट, आणि जिवंत नसल्यामुळे उलगडूनही बघता येते.

पाणी बदलताना ती माझ्या हातून मोरीत गेली. माझं लक्ष नव्हतं. बाईंनी फोनवर विचारलं, "मग कात?" मी म्हणाले, सांडली. त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. 

खालच्या मजल्यावरचे काका भांडायला आले होते. पिल्लाला खायला मी बादलीत डासांच्या अळ्या वाढवते आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं. "जग डास मारतं आणि तुम्ही पाळता," म्हणाले. मी म्हणाले, आमचं पिल्लू दिवसाला जेवढे खातं तेवढे तुमची अगरबत्ती मारत नाही. एरवी ते तासभर भांडले असते. आज आईकडे बघून त्यांचा आवाज खाली आला आणि दारातच चपला घालताना म्हणाले, "पट्टीचा पोहणारा होता हो पोरगा." होता. सगळ्यांच्या तोंडी 'होता' कसा चटकन बसतो.

१७ ऑक्टोबर

आई टबाजवळ बसते हल्ली. शिवण तिथेच घेऊन येते. आज तिने विचारलं, "ही मोठी झाली की दिसेल कशी?"

मी सांगितलं, काळपट, आणि पाय पांढरेशुभ्र, पिसासारखे रुंद. उडताना पाय लोंबकळवते.

"आणि तळ्यातली असती तर?"

"तळ्यातली हिरवी-काळी असते. शेपटीच्या टोकाला निळा ठिपका. पण ही तळ्यातली नाहीच, तर तो प्रश्नच कुठे येतो."

"बाहेर आली की लगेच रंग दिसतो?"

"नाही. पहिल्यांदा फिकट असते, दुधात भिजल्यासारखी. रंग चढायला एखादा दिवस जातो. दादा अशांना जाळीखाली ठेवायचा."

"हो," आई म्हणाली. "माझी पिठाची चाळणी न्यायचा."

दादा तासन् तास तिच्या यंत्राशेजारी बसून तिला उडणारे दाखवायचा, फोटो, चित्रं, काय काय. ती मशीन चालवत "हो का" म्हणायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्याचा उत्साह मोडायचा नाही म्हणून ऐकायची. आता माझं ऐकते.

१९ ऑक्टोबर

सकाळी उठून टबाकडे गेले तर स्टूल टबाजवळ ओढलेलं होतं. मी हात लावला. बसण्याची जागा कोमट होती.

मी तिथेच खाली बसले. "दादा," असं म्हणाले, मोठ्याने. पलीकडे स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं पडलं.  पिल्लू काडीला धरून माझ्याकडे बघत होतं. त्यांचे डोळे डोक्याच्या मानाने फार मोठे असतात, ती नेहमीच बघतायत असं वाटतं. मला भीती वाटली नाही. मला इतकं बरं वाटलं की त्याचीच नंतर भीती वाटली.

दुपारी त्याची पेटी उघडली. टाचून ठेवलेले चतुर, ओळीने. जिवंतपणी कुणाचे डोळे हिरवे, कुणाचे निळे. मेल्यावर डोळ्यांचा रंग पहिला जातो, सगळे सारखेच तपकिरी होतात. म्हणून तो प्रत्येकाच्या खाली चिठ्ठीवर रंग लिहायचा, मरायच्या आधी बघितलेला. मी पेटी मिटली. त्याच्या डोळ्यांचा रंग मला नेमका सांगता येईना. तपकिरी म्हणणार होते, पण तो तर सगळ्यांचाच होतो.

२२ ऑक्टोबर

पिल्लाने खाणं सोडलं. डोकं पाण्याबाहेर काढून काडीला चिकटून बसते. पाठीवरची पंखांची घडी फुगली आहे. आता दिवस फार नाहीत.

साहेबांचा फोन आला. महिना संपत आला, काय ते कळवा म्हणाले. आवाज चांगला होता, वैतागलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त त्रास झाला. मी म्हणाले दोन-चार दिवस द्या, माझ्याकडे पुरावा येतोय. "कसला पुरावा?" मी टाचणीचं सांगायला लागले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्या घरी मोठं कुणी आहे का?"

मी फोन ठेवला. मी बेचाळीस वर्षांची आहे.

२४ ऑक्टोबर

गेली.

सकाळी कामावर जाताना ती काडीवर वर चढत होती. रजा टाकायची होती, पण बाईंकडे ओढ्याचे नमुने आले होते, आणि आई म्हणाली, "जा तू. मी आहे बसलेली." संध्याकाळी आले तर काडीवर नुसती कात. पाठीला चीर, आत पांढरे धागे.

"कुठे आहे?"

"उडाली," आई म्हणाली. "खिडकी उघडी राहिली."

"कशी होती? पाय बघितलेस? पांढरे होते?"

"फिकट होती गं. मला म्हातारीला काय दिसणार."

मला एवढा राग आला की मी ओरडले. आयुष्यात आईवर असं ओरडले नव्हते. एवढे दिवस जिच्यासाठी थांबलो ती खिडकीतून जाऊ दिलीस, एक खिडकी लावता आली नाही तुला? आई ऐकत उभी राहिली. म्हणाली, "चुकलं माझं." मग बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायला लागली. गुलाबाच्या कुंडीवर चाळणी पालथी घातली होती. पक्षी कळ्या टोचतात म्हणाली.

कात मी एका डबीत घालून ठेवली.

२५ ऑक्टोबर

आई दिवसभर बाल्कनीत. दुपारी वहिनी आली तेव्हा दोघी तिथेच होत्या, दार ओढून. वहिनी जाताना माझ्याजवळ आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. ती माझ्याहून वयाने लहान आहे.

कुंडीवरची चाळणी आईने धुऊन परत जागेवर ठेवली.

२७ ऑक्टोबर

आई आणि वहिनी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. आईच्या कोपराच्या खळगीत कापूस चिकटवलेला. हल्ली डोळ्यांसाठीही रक्त काढतात वाटतं. काय म्हणाले डॉक्टर, विचारलं तर म्हणाली, "ठीक आहे म्हणाले. नजर अजून चांगली आहे."

टबाला आता कुणी हात लावत नाही. पाणी खाली गेलंय. जिन्यावर बूटही वाजत नाहीत. मी दार उघडं ठेवून वाट बघितली.

२८ ऑक्टोबर

डबी पर्समध्ये घेऊन फिरते आहे. उघडली नाही. ओढ्यातली असणार हे मला माहीतच आहे, तर उघडायची गरज काय? असं कालपासून किती वेळा स्वतःला सांगितलं. माहीत असलं की माणूस उघडून बघतो आणि हसतो. मी उघडत नाहीये.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सगळं ओळीने लिहिते.

सकाळी बाई बैठकीला गेल्या होत्या. मी कात कोमट पाण्यात भिजत घातली. मऊ झाल्यावर भिंगाखाली घेतली. पिल्लाचा खालचा ओठ दुमडून छातीशी धरलेला असतो, हात घडी घातल्यासारखा. दोन सुया घेऊन तो हळूहळू उलगडला. कामाला सरावलेला हात. ओढ्यातलीच्या ओठात आतून दोनच लांब केस असतात. तळ्यातलीच्या ओठात अख्खी रांग असते.

रांग होती.

मी भिंग बदलून बघितलं. कात फिरवून बघितलं. शेपटीची पानंही आता पुरी वाढलेली होती, आणि ती ओरडून तेच सांगत होती. तळ्यातली. कुठल्याही डबक्यात, खड्ड्यात, खाणीत सापडणारी, सगळ्यांत साधी. शिकाऊ मुलीलाही चुकली नसती. त्या दिवशी पेल्याच्या खालून मला जेवढा ओठ दिसला त्यात दोन केस होते. पुढचा मला दिसत नव्हता. तो मी मला हवा तसा काढला.

बाई आल्या. मी बाजूला झाले. त्यांनी भिंगातून बघितलं, मान वर केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "मी येऊ बरोबर?" मी नको म्हणाले.

रुग्णालयात साहेब नव्हते, त्यांना यायला वेळ लागला. तोवर मी बाकावर बसले. ते आले, मी म्हणाले, मला पुन्हा बघायचंय. त्यांनी कुरकुर केली नाही.

ओळखायची एक रीत असते. आधी मोठं, मग बारीक. मी त्या रीतीने बघितलं, कारण दुसरं काही मला येत नाही. उंची. खांद्यांची रुंदी. चेहऱ्याकडेही बघितलं. त्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही, आणि मला तो पुन्हा कधी आठवायचा नाहीये. मग खाली आले. बुटात राहिल्यामुळे पाय पुष्कळसे शाबूत होते. उजव्या पायाचं चौथं बोट आखूड, तिसऱ्याच्या मागे लपल्यासारखं.

मी चप्पल काढली आणि माझा पाय त्या टाइल्सवर ठेवला. तेच बोट. आईचंही तेच. नमुना जुळवायचा तर शेजारी ओळखीचा नमुना लागतो, तो मीच होते. मी तिथे किती वेळ अनवाणी उभी होते कोण जाणे. दादा, इतके दिवस तू इथे एकटा पडला होतास आणि मी घरी एक किडा पोसत होते. हे मी त्याला म्हणाले, सगळ्यांसमोर.

साहेबांना सांगितलं, "हा माझा भाऊ. रक्त घ्यायचं असेल तर घ्या."

"आता लागणार नाही," ते म्हणाले. नुसत्या सांगण्यावर काम होतं हे मला माहीत नव्हतं. आधी मग एवढं कशाला अडवलं होतं?

घरी येताना सगळ्या वाटेने मी एकच विचार करत होते, आईला कसं सांगू. तिची सगळी आशा त्या टबावर, आणि ती मी लावलेली. एकदा वाटलं खोटंच सांगावं, ओढ्यातलीच होती म्हणून. तिचे जे काही दिवस राहिलेत ते वाट बघण्यात जाऊ देत, वाट बघण्याने कुणी मरत नाही. जिना चढताना माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा झाला.

दार उघडंच होतं. आई आणि वहिनी समोरासमोर बसल्या होत्या, हातात शिवण नव्हती. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बघून आलीस?"

मी मान हलवली.  तिने मला जवळ ओढलं, माझं डोकं मांडीवर घेतलं, लहानपणी घ्यायची तसं, आणि मी रडले. तो गेल्यापासून पहिल्यांदा. मध्येच म्हणाले, "आई, तू त्याची एवढी वाट बघत होतीस आणि मी..."

"त्याची नाही गं," आई म्हणाली. "तुझी बघत होते."

वहिनीने पाण्याचा पेला आणून दिला. उद्या सकाळी तिघी मिळून त्याला आणायला जायचं ठरलं. वहिनी आज इथेच झोपणार आहे, तिच्यासाठी आईने दादाची गादी घातली.